एकरी चार गाड्या पांढरी माती

मातीचा नमुना घेऊन आलेला माणूस आमच्या खिडकीशी उभा राहून हमखास एकच प्रश्न विचारायचा, "काय निघालं जी?" पत्रिका दाखवायला आल्यासारखा. मी माती तपासणी प्रयोगशाळेत नोकरीची सगळी वर्षे काढली, आधी अकोल्यात, मग अमरावतीत, आणि निवृत्त होईपर्यंत मला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता आले नाही. लोकांना मातीतून काहीतरी निघायला हवे असते आणि आमच्याकडे निघतात ते आकडे. सामू इतका, सेंद्रिय कर्ब इतका, नत्र कमी, स्फुरद मध्यम, पालाश भरपूर. माणूस तो कागद उलटासुलटा करून पाहतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि जाता जाता विचारतो, "म्हणजे माती चांगली हाय ना?" आम्ही म्हणतो, चांगली आहे. तेवढे ऐकायला तो बस बदलून आलेला असतो.

नमुना कसा घ्यायचा, हे आम्ही भिंतीवर चित्रांसकट लावले होते. वावरात आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, सगळी एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि असे करत करत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरायची. हे चित्र इतक्या उंचावर टांगलेले होते की त्याचा फायदा फक्त पालीला होत असे. त्यामुळे लोक आपापल्या अकलेने माती आणायचे. एका गृहस्थांनी ती दिवाळीच्या चिवड्याच्या डब्यात आणली. मिठाचे प्रमाण जास्त निघाले, तेव्हा दोष जमिनीचा की फराळाचा, हे ठरवायला आम्हाला दुसरा नमुना मागवावा लागला. मोर्शीकडचे एक संत्रा बागायतदार दर वर्षी फार देखणी माती आणायचे. अहवाल उत्तम यायचा आणि त्यांची बाग वाळत चाललेली. शेवटी मी खोदून विचारले तेव्हा कळले की माती शेजाऱ्याच्या बागेतली होती. "आपली कायले आणू? आपली खराब हाय हे त मले माईतच हाय," ते म्हणाले. यात खोट कुठे काढायची, ते मला आजवर सापडलेले नाही.

हे सगळे हसून सोडून देण्यासारखे होते. ज्या प्रकरणाबद्दल लिहायचे आहे ते तसे नाही, म्हणून ते लिहायला मी निवृत्तीची वाट पाहिली. सरकारी नोकरीत माणसाला कंठ फुटतो तो पेन्शन सुरू झाल्यावर.

शिसे आमच्याकडे आले ते खरेदी विभागाच्या कृपेने. आमच्याकडे एक मोठे यंत्र होते. मातीचे द्रावण ज्योतीत फवारायचे आणि ज्योतीतून एका दिव्याचा उजेड सोडायचा. द्रावणातला धातू आपल्या वाट्याचा उजेड गिळतो, आणि किती गिळला त्यावरून धातू किती ते कळते. प्रत्येक धातूला त्याचा स्वतःचा दिवा लागतो. आमचा जस्ताचा दिवा गेला म्हणून मी नवा मागवला. मागणीपत्र सात टेबलांवरून फिरले. सातही टेबलांनी त्यावर सही केली, एकानेही ते वाचले नाही, आणि वर्षभराने जो दिवा आला तो शिशाचा होता. परत पाठवायचा म्हणजे पुन्हा सात टेबले. मी म्हटले, आलाच आहे तर लावून पाहू. शेल्फवर सर्वांत पुढे जी पिशवी होती ती घेतली. ती बेबीताईची होती.

बेबीताई माळ्याच्या घरची. अमरावतीहून वलगावच्या बाजूला जाताना एक गाव लागते. त्याचे नाव मी सांगणार नाही, कारण तिथल्या लोकांना अजून भाजी विकायची आहे. नाल्याच्या काठी तिचे दीड एकर वावर. त्यात पालक, मेथी, सांभार आणि कडेने झेंडू. (सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये, आम्ही हरणे पिकवत नाही.) मुलगा अमरावतीच्या बाजारात बसायचा आणि वावर सासू-सून सांभाळायच्या. बेबीताई माझ्याच वयाची, बोलायला रोखठोक, आणि एका गोष्टीचा तिला गर्व होता. "माया पालक आजपर्यंत कोनी वापस नाई आनला," हे ती पहिल्या भेटीत सांगायची आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगायची. नाल्याकडच्या कोपऱ्यात पालक पिवळा पडत होता म्हणून ती माती घेऊन आली होती.

त्या मातीत शिसे निघाले. असायला हवे त्यापेक्षा बरेच जास्त. मी यंत्रावर विश्वास ठेवला नाही, कारण यंत्रही त्याच खरेदी विभागाने घेतलेले होते. पुन्हा तपासले, तेच आले. मग वावरात जाऊन वेगवेगळ्या जागची माती आणली, पालकाची पानेही आणली. नाल्याच्या बाजूला शिसे जास्त, दूर जावे तसे कमी. पानांतही उतरलेले होते.

कारण शोधायला फार बुद्धी लागली नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला, पूर्वी जिथे गाव होते त्या उंचवट्यावर, एका उद्योजकाने काही वर्षे टिनाच्या छपराखाली जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा केला होता. आतल्या शिशाच्या पट्ट्या कढईत वितळवायच्या, तेजाब नाल्यात सोडायचे, राख तिथेच टाकायची. आम्हाला पत्ता लागला तोवर हे गृहस्थ छप्पर उचलून निघून गेले होते. मागे राहिले ते शिसे.

शिशाचा स्वभाव वाचकांना सांगायला हवा. ते कुजत नाही, जळत नाही, उडून जात नाही. त्याची बदलीसुद्धा होत नाही. मातीत आले की तिथेच कायम. पोटात थोडेथोडे जात राहिले तर रक्त, हाडे, मेंदू, सगळीकडे घर करते, आणि लहान मुलांना सर्वांत जास्त नडते. माती काढून टाकावी म्हटले तर अख्खे वावर उचलावे लागेल, आणि उचलून ठेवायचे कुठे, दुसऱ्याच्या वावरात? म्हणून स्वस्तातला उपाय असा की शिसे काढायच्या भानगडीत पडायचे नाही, त्याला जागच्या जागी बांधून टाकायचे. काही खनिजे शिशाला धरून ठेवतात. ते मातीत राहते, पण पाण्यात विरघळत नाही, आणि विरघळले नाही की मुळांना उचलता येत नाही.

मी तसा अहवाल वर पाठवला आणि, आश्चर्य म्हणजे, वरून उत्तर आले. कमी खर्चाच्या खनिजांनी दूषित माती सुधारण्याची एक योजना नुकतीच मंजूर झाली होती आणि तिला प्रात्यक्षिकासाठी एक दूषित वावर हवेच होते. योजनेत खनिज ठरलेले होते: चुना. मी नम्रपणे कळवले की चुना आंबट जमिनीत उपयोगी पडतो, आमच्या काळ्या मातीत तो जात्याच भरपूर आहे, आणखी टाकून फारसे काही साधणार नाही. उत्तर आले की मुद्दा योग्य आहे, तरी चुना टाकून अहवाल सादर करावा. पाठोपाठ पोती आली. गावात बातमी पोहोचली ती अशी की म्याडम चुना लावाले येऊन राहिल्या. आमच्या खात्याचे इतके अचूक वर्णन त्याआधी कोणी केले नव्हते. पोती व्हरांड्यात राहिली, पावसात भिजली आणि दगड झाली. योजनेचे ते पहिले ठोस फलित.

मग मी माझ्या हिमतीवर दुसरी वाट धरली. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोटात पांढऱ्या गारगोट्या सापडतात, विहीर खणणाऱ्याला विचारा. त्यातल्या एका जातीला झिओलाइट म्हणतात. तिच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे असंख्य कोनाडे असतात आणि शिसे त्यांत जाऊन बसते. शहराबाहेरच्या एका खडी क्रशरवर अशा पांढऱ्या भुकटीचे ढीग पडलेले होते. तो दगड खडीला चालत नाही म्हणून मालक वैतागला होता. "म्याडम, हा कचरा नेत असान त ट्रॅक्टर माया घ्या," तो म्हणाला. तिच्या जोडीला सुपर फॉस्फेट, म्हणजे आपले नेहमीचे सुपर खत. त्यातला स्फुरद आणि शिसे यांची गाठ पडली की त्यांचा दगडासारखा घट्ट पदार्थ होतो. मी कुंड्यांत पालक लावून पाहिला. एकरी चार गाड्यांच्या हिशोबाने भुकटी मिसळलेल्या कुंड्यांत पानांतले शिसे चांगलेच घटले. मला जे समाधान वाटले ते लपवत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी आकडा नुसता लिहिला नव्हता, हलवला होता.

आता पत्रक हवे होते. आमचे वरिष्ठ साहेब पुण्याचे, भाषेबद्दल फार जागरूक. माझा मसुदा त्यांनी दोनदा परत केला. "झिओलाइट काय, खनिज संवर्धक काय! शेतकऱ्याला कळेल असा शब्द शोधा, बाई. तुम्ही तर इथल्याच आहात." मी इथलीच आहे हे मलाही पटले. भुकटी पांढरी, मातीसारखी. मी लिहिले, "एकरी चार गाड्या पांढरी माती सुपर खतासोबत मिसळावी." साहेब खूश झाले. मीही खूश झाले. सोपे मराठी लिहिल्याचा आनंद मला फार दिवसांनी मिळाला होता, आणि तो मी घरी नवऱ्यालाही वाचून दाखवला.

पत्रके छापून आली आणि सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यांत तशीच राहिली, कारण त्यांचे प्रकाशन व्हायचे होते आणि प्रकाशनाला योग्य असा पाहुणा मोकळा नव्हता. सरकारी दिरंगाईला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. त्या वर्षी तिने किती वावरे वाचवली, ते पुढे कळेल. मी मात्र एक प्रत गठ्ठ्यातून ओढून बेबीताईला नेऊन दिली. म्हटले, आठवड्याभरात मी क्रशरवरून ट्रॅक्टर पाठवते, तोवर हे वाचून ठेवा. तेवढ्यात मला अकोल्याला प्रशिक्षणाला धाडले गेले. विषय होता, शेतकऱ्यांशी प्रभावी संवाद. ट्रॅक्टर राहून गेला.

महिन्याभराने आमचा माणूस नेहमीच्या फेरीत बेबीताईच्या वावरातली माती घेऊन आला. मी दिवा लावला. शिसे कमी व्हायच्या ऐवजी वाढले होते, थोडेथोडके नव्हे. आणि आता ते नाल्याच्या कोपऱ्यातच नव्हते, दीड एकरभर सारखे पसरलेले होते. मी दुपारीच स्कूटी काढली.

बेबीताई वाफ्यात खुरपत होती. पालक हिरवागार, कमरेत वाकून पाहावा असा. वाफ्यांमधून करड्या, भुसभुशीत मातीचे पट्टे दिसत होते, काळ्या मातीत अजून पुरते न मिसळलेले.

"ही कोणती माती, बेबीताई?"

"पांढरी जी," ती कौतुकाने म्हणाली. "तुमच्या टॅक्टरची वाट पाह्यली, तो काई आला नाई. मंग म्या म्हनलं, पांढरी आनाले टॅक्टर कायले पायजे? आपली बैलाची बंडी हाय ना. सूनबाईनं कागद वाचून दाखोला, दोनदा वाचला. एकरी चार गाड्या पांढरी. म्या म्हनलं, पाय व, म्याडम एवढ्या शिकल्या, पन गोष्ट आपल्या आज्या-पंज्याचीच सांगून राहिल्या. मायी सासू बी दर उन्हाळ्यात पांढरीच टाके."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाकडे दोनच जमिनी असतात. काळी म्हणजे वावर, आणि पांढरी म्हणजे गाव जिथे वसते ती जागा. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती जिरून तिथली माती फिकी होते, आणि तिचा कस इतका की उठून गेलेल्या गावाची पांढरी खणून वावरात टाकायची चाल जुनी आहे. हे मला ठाऊक होते. माझे आजोबा हे करायचे. फक्त पत्रक लिहिताना मी त्यांची नात नव्हते, राजपत्रित अधिकारी होते.

बेबीताईने पांढरी आणली ती जुन्या गावाच्या उंचवट्यावरून. त्यातही जी जास्त राखट, जास्त भुसभुशीत, म्हणजे तिच्या हिशोबाने जास्त चांगली, ती निवडून. बॅटऱ्यांची राख जिथे पडली होती नेमकी तिथली.

मी हे तिला त्याच क्षणी सांगायला हवे होते. मी म्हणाले, "बरं, बघू," आणि परत आले. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले आहेत.

कार्यालयात मी साहेबांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ऐकून घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

"शेतकऱ्याने सूचनेचे चुकीचे आकलन केले, असे लिहा."

"आकलन बरोबर केलं, सर. सूचना चुकीची होती."

"मग नमुना घेताना त्रुटी झाली असेल."

"तीन वेळा तपासलंय."

"बाई, प्रात्यक्षिक चालू आहे. अजून निष्कर्ष आलेला नाही. त्याआधी त्या बाईंना सांगून गावात घबराट कशाला? मी वर विचारून घेतो."

वर विचारून घेण्यात दिवस गेले. मधल्या काळात कार्यालय स्वस्थ बसले होते असे कोणी समजू नये. एक शुद्धिपत्रक तयार झाले. त्यात म्हटले होते, "पत्रकात 'पांढरी माती' याऐवजी 'पांढऱ्या रंगाची माती' असे वाचावे." ते मंजुरीला गेले. मी रोज कामावर जात होते, दुपारी डबा खात होते, आणि रोज सकाळी बेबीताईचा पालक अमरावतीच्या बाजारात जात होता. तो कोण विकत घेते, कोणाच्या घरात शिजतो, कोणाच्या ताटात वाढला जातो, हे मी डोळ्यांपुढे येऊ देत नव्हते. ते जमते माणसाला. सरावाने जमते.

आठव्या दिवशी एका साध्या गोष्टीने माझा धीर सुटला. आमच्या कार्यालयातल्या एका बाईने डबा उघडला, त्यात पालकाची भाजी होती. मी विचारले, कुठून घेतला? ती म्हणाली, बाजारातून, अजून कुठून! मी उठले, रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि गेले.

मी अकोल्याची. कार्यालयात मी पुस्तकी बोलायची, पण त्या दिवशी बांधावर उभी राहिले तेव्हा तोंडातून घरचीच बोली निघाली. "बेबीताई, चूक मायी हाय. म्या पांढरी लिवलं ते क्रशरवरची पांढरी भुकटी. तुमी आनली त्या पांढरीत बॅटऱ्या फोडत होते. ते शिसं आता साऱ्या वावरात आलं. पालकात बी आलं."

सून हातातली जुडी तशीच धरून उभी राहिली. बेबीताईने खुरपे खाली ठेवले.

"हे तुमाले कधी समजलं?"

"मागच्या बुधवारी. इथी आली होती तवाच."

"म्हणजे आठ दिस."

"हो."

"आठ दिस म्या इकून राहिली हा पालक. काहून नाई सांगतलं?"

"साहेबांना विचारत होते," मी म्हणाले. पुन्हा पुस्तकी.

"पालक साहेबाचा व्हता का?"

ती ओरडली असती तर मला बरे वाटले असते. तिने सुनेला हाक मारली आणि दोघी वाफ्यात उतरल्या. पालक मुळासकट उपटायला लागल्या. मी पदर खोचून त्यांच्या मागे गेले. मध्ये एकदाच ती बोलली, "गाईले टाकता येईन का?" मी म्हणाले, नाही. संध्याकाळपर्यंत दीड एकर काळे झाले. दुसऱ्या दिवशी बाजारात तिचा मुलगा नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेकाला सांगत बसला की मागचा पालक उरला असेल तर टाकून द्या. त्या दिवशी पहिल्यांदा बेबीताईचा पालक वापस आला. तिनेच मागितला म्हणून.

त्यानंतर जे करायचे ते आम्ही केले. करड्या मातीचे पट्टे दिसत होते तिथली माती खरवडून जुन्या जागी नेली, आणि सरपंचांच्या मागे लागून त्या उंचवट्यावर काळ्या मातीचा जाड थर टाकून बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. घरच्यांचे रक्त तपासून घेतले. आकडे घाबरवणारे नव्हते, विसरण्यासारखेही नव्हते. क्रशरवरची भुकटी या वेळी मी स्वतः ट्रॅक्टरवर बसून नेली आणि सुपर खतासोबत दोनदा कुळवून घेतली. पत्रकांचे गठ्ठे मी गोदामात सर्वांत खाली, दगड झालेल्या चुन्याच्या पोत्यांखाली ठेवले. तिथे ते सुरक्षित होते, कारण ती पोती उचलायची निविदा अजून निघाली नव्हती.

वावरात बेबीताईने झेंडू लावला. फुले कोणी खात नाही. एका वाफ्यात मात्र माझ्या सांगण्यावरून दर हंगामात पालक टाकायचा, कापायचा, तपासायचा आणि पुरायचा. पहिल्या हंगामात पानांतले शिसे कमी झाले. दुसऱ्यात आणखी. मातीतला आकडा जागचा हलला नाही, तो हलणारच नव्हता. पण पानांत उतरेनासे झाले होते. एवढ्यात आमच्या योजनेचा वार्षिक अहवाल निघाला. त्यात झेंडूने फुललेल्या वावराचा रंगीत फोटो होता, खाली "यशस्वी प्रात्यक्षिक", आणि समारंभात साहेबांच्या गळ्यात त्याच झेंडूचा हार. साहेबांनी भाषणात शेतकऱ्याच्या भाषेत बोलण्याचे महत्त्व सांगितले. मी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या वर्षी पानांतले शिसे मर्यादेच्या बरेच खाली आले. माझ्या निवृत्तीला महिना राहिला होता. मी नमुने दोनदा तपासले, एकदा दुसऱ्या प्रयोगशाळेतही तपासून घेतले. मग अहवाल लिहिला, भाजीपाला घेण्यास योग्य असा शेरा मारला, सही केली आणि तो कागद टपालात न टाकता स्वतः घेऊन गेले. इतक्या आनंदात मी त्या रस्त्याने कधी गेले नव्हते. या एका कागदाने माझे ते आठ दिवस थोडे तरी पुसले जातील, असे मला मनापासून वाटत होते.

सुनेने अहवाल मोठ्याने वाचला. बेबीताईने पूर्ण ऐकला, शेरा पुन्हा वाचायला लावला. तिचा चेहरा उजळला. ती वाफ्यात गेली, मूठभर पालक कापला, पाइपाखाली खळखळून धुतला आणि झटकून माझ्यासमोर धरला.

"घ्या म्याडम. कवळा हाय. कच्चाच गोड लागते."

त्या पानांतले शिसे मी मोजले होते. शंकेला तिळभर जागा नव्हती. आणि माझा हात थांबला. फार नाही, चष्मा सावरायला लागतो तेवढाच वेळ. मी चष्मा सावरलासुद्धा, थांबलेल्या हाताला काहीतरी काम द्यायला हवे होते म्हणून. मग पान घेतले, चावले, गोड आहे म्हणाले.

"थांबल्या तुमी," बेबीताई म्हणाली.

"नाही हो."

"थांबल्या." तिच्या आवाजात राग नव्हता. "म्याडम, मशीन तुमची, सही तुमची, तुमाले सारंच माईत हाय. तरी तुमी थांबल्या. मायं गिऱ्हाईक त काईच जानत नाई. ते थांबनार नाई ना."

मला लाज वाटली. तिने तो कागद नीट घडी घालून सुनेकडे दिला, ठेवून दे म्हणाली. मला उरलेला पालक पिशवीत घालून दिला. तो मी घरी नेला, डाळ घालून शिजवला, आम्ही दोघांनी पुरता खाल्ला.

पुढच्या हंगामात त्या दीड एकरात कडेपासून कडेपर्यंत झेंडू होता. आजही आहे. पालक पेरायला काही हरकत नाही, हे मी तिला आकड्यांनिशी दाखवू शकते. ते दाखवायला मी अजून गेलेली नाही.